वीस एमओएचा स्कोप-बेस: मोजून पाहिलेला आणि बसवून पाहिलेला

स्कोप-बेस म्हणजे रायफलीवर दुर्बीण (स्कोप) बसवण्यासाठीची पट्टी. ज्या बेसविषयी येथे लिहीत आहे तो एकाच तुकड्यातून कापलेला, ७०७५-टी६ या मिश्रधातूच्या ॲल्युमिनियमचा, पिकॅटिनी म्हणजे ठरावीक मापाच्या आडव्या खाचांचा आणि २० एमओए (हे कोनाचे माप, त्याविषयी पुढे) उताराचा असून रेमिंग्टन ७०० च्या धर्तीच्या आखूड रिसीव्हरसाठी, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो त्या रायफलीच्या मुख्य धडासाठी, बनवलेला आहे. निर्मात्याचे नाव देत नाही, कारण एका नगावरून सबंध कारखान्याविषयी निकाल देणे मला रास्त वाटत नाही. निष्कर्ष मात्र आधीच सांगतो: कापणी उत्तम आहे, खाचा अचूक आहेत, उतारही लेबलवर छापल्याच्या अगदी जवळ आहे, पण पाकीट फोडून चार स्क्रू आवळले की काम संपले असे मानणाऱ्याच्या हाती हा बेस आपला पूर्ण गुण दाखवणार नाही. तो मोजून, तपासून आणि थोडे कष्ट घेऊन बसवावा लागतो.

रेमिंग्टन ७०० ही रायफल १९६२ साली बाजारात आली आणि तिच्या रिसीव्हरची घडण आजही अनेक कारखाने उचलतात. हा रिसीव्हर मुळात गोल दांड्यातून घडवलेला असतो. त्याचा पुढचा भाग पूर्ण गोल राहतो, तर मागचा पूल, म्हणजे रिसीव्हरचा मागचा जोडणारा भाग, वरून कमी केलेला असल्यामुळे पुढच्या भागापेक्षा खाली असतो. म्हणून या रायफलीचा बेस सरळ सपाट पट्टी नसतो; त्याला पुढे पातळ आणि मागे जाड असे दोन पाय असतात, आणि दोन्ही पायांच्या तळाला रिसीव्हरच्या गोलाईशी जुळणारा अर्धगोल खोलगट आकार दिलेला असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोन टोकांची जाडी व्हर्नियरने मोजून वजाबाकी केली की उतार कळला, ही सोपी पद्धत येथे चालत नाही. सपाट तळाच्या बेसला ती चालते, याला नाही.

आधी सुट्या बेसची मापे घेतली. पिकॅटिनी रेलचे माप १९९५ साली अमेरिकी लष्कराच्या एमआयएल-एसटीडी-१९१३ या मानकाने ठरवले. त्यानुसार खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर, खोली ३ मिलिमीटर आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर १०.०१ मिलिमीटर असते. रेलची एकूण रुंदी २१.२ मिलिमीटर. या नगाच्या खाचा व्हर्नियरवर ५.२४ ते ५.२६ मिलिमीटर भरल्या आणि रुंदी सर्वत्र २१.२ च्या आसपास राहिली. एकेका खाचेपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते ते साठत जाणारे अंतर. दहा खाचांचे मिळून १००.१ मिलिमीटर यायला हवे होते, आणि तेवढेच आले. हे अंतर चुकले तर स्कोपला धरणाऱ्या दोन कड्यांपैकी पुढची रिंग आपल्या खाचेत नीट टेकते आणि मागची तिरकी अडकते. मग दोष रिंगेला दिला जातो. जुन्या वीव्हर पद्धतीची खाच ४.५७ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे वीव्हरच्या रिंगा बहुधा या बेसवर चढतात, मात्र पिकॅटिनीच्या रिंगा वीव्हर बेसवर चढतीलच असे नाही. नाटोने २००९ मध्ये स्टॅनॅग ४६९४ हे मेट्रिक मापांचे मानक काढले, त्यात पकडीचा संदर्भ कडेच्या तिरक्या बाजूंऐवजी रेलच्या वरच्या सपाट पृष्ठाकडे नेला. या बेसचे वरचे पृष्ठ त्या दृष्टीनेही चांगले निघाले: सरफेस प्लेटवर उलटा ठेवून चारही कोपरे दाबून पाहिले, कोठेही डुगडुगला नाही. कडा हाताला लागत नाहीत, आणि ॲनोडायझिंगचा काळा थर खाचांच्या तळापर्यंत एकसारखा चढलेला आहे.

आता उताराविषयी. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर भरतो. वीस एमओए म्हणजे एक तृतीयांश अंश, म्हणजेच १०० मिलिमीटर लांबीत ०.५८ मिलिमीटरचा चढ. बेस मागे एवढा उंच असला की स्कोपचे पुढचे टोक किंचित खाली झुकते आणि दूरच्या पल्ल्यासाठी वर चढवण्याची टरेटमधली, म्हणजे नेम वर-खाली करण्याच्या गुंडीतली, जागा वाचते. ज्या स्कोपमध्ये उभ्या दिशेला एकूण ६० एमओए फिरण आहे, त्यात सपाट बेसवर साधारण ३० वर आणि ३० खाली उरतात. ७.६२ बाय ५१ च्या वर्गातले १७५ ग्रेन वजनाच्या गोळीचे काडतूस १०० यार्डांच्या झिरोपासून (म्हणजे नेम आणि गोळी जुळवलेल्या पल्ल्यापासून) हजार यार्डांपर्यंत नेण्यासाठी सुमारे ३५ ते ४० एमओए लागतात, म्हणजे सपाट बेसवर फिरण मध्येच संपते. वीसच्या बेसवर वर ५० मिळतात आणि काम भागते. उलट ज्याच्या स्कोपमध्ये एकूण ४०च एमओए आहेत, त्याने हा बेस घेऊ नये. त्याचा १०० मीटरचा झिरो फिरणीच्या अगदी तळाशी येऊन टेकेल, कदाचित मिळणारही नाही. दोनशे मीटरपलीकडे कधी न जाणाऱ्यालाही उताराची गरज नाही. विक्रीच्या पानांवर २० एमओएचा बेस हा सपाट बेसपेक्षा वरच्या दर्जाचा असल्यासारखा मांडला जातो, ते योग्य नाही. तो वेगळ्या कामाचा आहे, इतकेच.

मोजणीसाठी रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढला, लाकडी दस्ता आणि ट्रिगर उतरवले, आणि रिसीव्हर जोडीच्या दोन व्ही-ब्लॉकवर सरफेस प्लेटवर ठेवला. नळीच्या वजनाने तो पुढे झुकू नये म्हणून नळीखाली हलका आधार दिला. बेस चारही स्क्रूंनी आवळून घेतला आणि स्टँडवरचा डायल गेज रेलच्या वरून पुढून मागे नेला. खाचेवरून जाताना टोक उचलायचे आणि पुढच्या दातावर, म्हणजे दोन खाचांमधल्या उंचवट्यावर, अलगद टेकवायचे, नाहीतर टोक खाचेत पडून वाचन बिघडते. चढ बरोबर असेल तर प्रत्येक दातावर सुई सुमारे ०.०६ मिलिमीटर पुढे सरकली पाहिजे. पहिल्या चार दातांवर ती तशीच सरकत गेली. त्यापुढे, जेथे बेस काडतूस बाहेर पडण्याच्या मोकळ्या जागेवरून पुलासारखा जातो तेथे, चढ मंदावला. शेवटच्या दातांवर तर सुई दातागणिक जेमतेम ०.०४ हलत होती. शंभर मिलिमीटरचा एकूण चढ ०.४७ मिलिमीटर आला, म्हणजे सव्वासोळा एमओए.

येथे थांबलो असतो तर ‘वीस सांगून सोळा दिले’ असा शेरा या परीक्षणात आला असता. परंतु उतार खरोखर कमी कापला असता तर तो सगळ्या लांबीत सारखाच कमी दिसला असता. पुढे पूर्ण आणि मागे कमी, याचा अर्थ बेस वाकत होता. मागचे दोन स्क्रू काढले, पुढचे दोन आवळलेले ठेवले आणि मागच्या पायाखाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) घातला. ०.१० मिलिमीटरचे पाते सहज आत गेले. मग उलट केले: मागचे आवळले, पुढचे मोकळे सोडले, तर फट पुढे दिसली. म्हणजे चारही स्क्रू आवळताच मागचे टोक दहावा हिस्सा मिलिमीटर खाली ओढले जात होते आणि उतारातले तीन एमओए तेथेच खर्ची पडत होते. उतार कमी होणे एकवेळ चालेल, तेवढी फिरण स्कोपमधून भरून काढता येते. वाकलेल्या बेसवर दोन रिंगांचे अक्ष मात्र एका रेषेत राहत नाहीत, त्या तिढ्यात स्कोपची नळी धरली जाते, तिच्यावर कायमचा ताण राहतो, रिंगांचे वळ उठतात आणि झिरो आज येथे तर उद्या तेथे दिसू लागतो.

दोष बेसचा की रायफलीचा, हे ठरवण्यासाठी दोन्ही पायांच्या तळाला निळी शाई लावून रिसीव्हरवर टेकवून पाहिले. पुढच्या पायाचा ठसा जवळजवळ पूर्ण उमटला. मागच्या पायाचा ठसा फक्त डाव्या कडेला, बारीक पट्टीसारखा आला. रिसीव्हरचा मागचा पूल घासून गुळगुळीत करताना त्याची उंची आणि गोलाई नगागणिक थोडी बदलते, विशेषतः जुन्या आणि हाताने पॉलिश केलेल्या रायफलींत, आणि कोणत्याही कारखान्याचा बेस हा सरासरी मापालाच कापलेला असतो. म्हणून या फटीचे खापर मी बेसवर फोडत नाही. मात्र माहितीपत्रकात याविषयी एक ओळ असायला हवी होती. त्यात फीलर गेजचा उल्लेख नाही, फट तपासण्याचा नाही, आणि आवळण्याचा आकडाही नाही. ‘घट्ट आवळावे’ एवढेच लिहिले आहे. इतके अचूक मशिनिंग करणाऱ्याने शेवटचा टप्पा असा मोघम सोडावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

फट भरण्याचे दोन मार्ग आहेत. धातूच्या पातळ पत्र्याची पट्टी, म्हणजे शिम, मागच्या पायाखाली घालणे हा एक; तो झटपट होतो, पण पत्रा एका कडेची फट भरतो आणि गोलाईतला फरक तसाच सोडतो. दुसरा मार्ग स्टीलची पूड मिसळलेल्या इपॉक्सीचा, आणि तोच मी निवडला. मागच्या पायाचा तळ पॉलिश पेपरने खरबरीत करून ॲसिटोनने पुसला. रिसीव्हरवर मेणाचा पातळ थर दिला, स्क्रूची भोके मेणाने बुजवली, स्क्रूंच्या आट्यांनाही मेण लावले. इपॉक्सी फक्त मागच्या पायाला लावून पुढचे दोन स्क्रू पूर्ण आवळले आणि मागचे नुसते जागेवर राहतील इतपत बोटाने फिरवले. या कामातली सगळी नजाकत येथेच आहे: मागचे स्क्रू या वेळी आवळले तर बेस वाकलेल्या स्थितीतच इपॉक्सी घट्ट होते आणि सगळा खटाटोप वाया जातो. कडेने बाहेर आलेला लगदा ओला असतानाच कापसाने पुसून घेतला, आणि इपॉक्सी पुरते कडक होण्यासाठी डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ दिला. नंतर प्लास्टिकच्या हातोडीच्या हलक्या ठोक्याने बेस सुटला. मागच्या पायाखाली आता डाव्या कडेला कागदासारखा पातळ आणि उजवीकडे जरासा जाड होत जाणारा, रिसीव्हरचा हुबेहूब ठसा घेतलेला करडा थर दिसत होता.

पुन्हा व्ही-ब्लॉकवर तीच मोजणी केली. या वेळी सुई पहिल्या दातापासून शेवटच्यापर्यंत सारख्या टप्प्यांनी सरकली आणि शंभर मिलिमीटरचा चढ ०.५६ मिलिमीटर भरला. म्हणजे सव्वाएकोणीस एमओए. उरलेला फरक डायलवरच्या ०.०१ मिलिमीटरच्या दोन रेघांचा आहे, आणि या लांबीत एक रेघ म्हणजे एक तृतीयांश एमओए. तेवढा फरक रिसीव्हरच्या गोलाईतून किंवा माझ्या मांडणीतूनही येऊ शकतो, तेव्हा कारखान्याने सांगितलेला उतार खरा आहे असे मी निःशंकपणे म्हणतो. आणखी एक चाचणी सांगण्यासारखी आहे, आणि ती दस्ता न उतरवताही करता येते: डायलचे टोक रेलच्या मागच्या टोकावर ठेवून मागचे स्क्रू सैल करायचे व पुन्हा आवळायचे. आधी सुई जवळजवळ नऊ रेघा हलत होती. इपॉक्सीनंतर ती एका रेघेच्या आत राहिली.

स्क्रूंविषयी माझी तक्रार अधिक ठाम आहे. या रिसीव्हरची भोके मूळची ६-४८ आट्यांची, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाच्या आणि इंचाला ४८ आटे असलेल्या स्क्रूंची असतात. पाकिटात चार स्क्रू आले, चारही एकाच लांबीचे. पुढच्या आणि मागच्या पायाची जाडी वेगळी असताना हे कसे चालावे? सर्वांत पुढच्या भोकाखाली नळीचे आटे असतात. स्क्रू लांब असेल तर तो तेथे जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि बेस मात्र धरलेलाच नसतो. त्यामागचे भोक बोल्टच्या दातांच्या फिरण्याच्या जागेवर उघडते. म्हणून एकेक स्क्रू आवळावा आणि दर वेळी रिकाम्या रायफलीचा बोल्ट घालून बंद करून पाहावा. या पाकिटातला दुसरा स्क्रू आवळल्यावर बोल्टची मूठ शेवटच्या टप्प्यात जड झाली, आणि बोल्ट काढून पाहिले तर वरच्या दातावर नवी चकचकीत ओरखड्याची रेघ होती. स्क्रूवर आधी एक नट चढवून टोक एका आट्याइतके, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, घासले आणि नट उलटा फिरवून काढला, म्हणजे टोकाचे आटे आपोआप साफ होतात. काम पाच मिनिटांचे आहे. परंतु ज्याने हे तपासले नाही त्याचा बोल्ट रोज घासत राहील. स्क्रूंची डोकी टी-१५ मापाच्या ताऱ्यासारख्या खाचेची आहेत, आणि ही निवड उत्तम आहे, कारण साध्या षटकोनी खाचेसारखी ती घसरून गोल होत नाही.

आवळण्याचा जोर मी २० इंच-पौंड, म्हणजे २.३ न्यूटन-मीटर ठेवला. या जाडीच्या स्क्रूला तो पुरेसा आहे. आटे ॲसिटोनने कोरडे करून निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब दिला. ओल्या आट्यांत घर्षण कमी होते, त्यामुळे टॉर्क रेंचवर आकडा तोच दिसत असला तरी स्क्रूवरचा ताण वाढतो. तेल लावून वर आकडाही वाढवणारे लोक स्क्रूचे डोके तोडतात ते यामुळेच. रिंगांच्या टोप्यांना १५ ते १८ इंच-पौंड पुरतात. रिंग रेलवर चढवताना ती खाचेत पुढे ढकलून मग आवळावी, कारण बार उडताना रायफल मागे येते आणि स्कोप आपल्या जडत्वाने पुढे राहू पाहतो. मधली फट आधीच संपलेली असेल तर रिंग सरकत नाही.

रचनेतली एक उणीव मात्र नोंदवायला हवी. या बेसच्या तळाला रिसीव्हरच्या कडेला टेकणारा दात नाही, त्यामुळे बार उडतानाचा मागे-पुढे बसणारा धक्का सर्वस्वी चार बारीक स्क्रू आणि तळाचे घर्षण यांच्यावर येतो. मध्यम काडतूस आणि सातआठशे ग्रॅमचा स्कोप यांना इपॉक्सीसह हे पुरे आहे. मॅग्नम काडतूस आणि किलोभराचा स्कोप असेल तर दाताचा बेस घ्यावा, किंवा परवानाधारक कारागिराकडून भोके ८-४० आट्यांची करून घ्यावीत. त्या स्क्रूचा छेद सुमारे चाळीस टक्के मोठा असतो. ॲल्युमिनियम तापमानाने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, पण दोन टोकांच्या भोकांमधल्या अंतरात तीस अंशांच्या फरकाने हा भेद मिलिमीटरच्या शतांश भागातच राहतो. वजनातली बचत मोठी आहे, कारण पोलादाची घनता पावणेतीन पटींहून जास्त असते.

आडव्या दिशेने बेस सरळ आहे की नाही, हे शेवटी गोळीच सांगते. झिरो करताना आडव्या टरेटवर मध्यापासून दोनच एमओए लागले, म्हणजे भोके आणि रेल नळीच्या रेषेत आहेत. भोकांची रांग शंभर मिलिमीटरला एक दशांश मिलिमीटर जरी तिरकी असती तरी साडेतीन एमओए गेले असते. उभा झिरो फिरणीच्या मध्यापासून सुमारे अठरा एमओए खाली मिळाला, आणि हे मोजणीशी जुळते. रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, ओळंब्याच्या दोऱ्याशी जुळवून घेतले. रिंगांसह स्कोप उतरवून त्याच खाचांत, त्याच जोराने पुन्हा चढवला, तेव्हा गोळ्यांच्या गटाचा मध्य अर्ध्या एमओएपेक्षा जास्त हलला नाही. याच रायफलीवर पूर्वी असलेल्या दोन तुकड्यांच्या बेसने हे कधीच दिले नव्हते.

अखंड बेसची एक अडचण वापरताना जाणवते. काडतूस बाहेर पडण्याच्या जागेवरून रेल जात असल्यामुळे वरून एकेक काडतूस बोटाने भरणे अवघड होते, विशेषतः हातमोजे घातल्यावर. एकेरी भरणाऱ्या लक्ष्यवेधी नेमबाजाने हे करून पाहूनच ठरवावे. मॅगझिन वापरणाऱ्याला फरक पडणार नाही. ज्याच्याजवळ फीलर गेज, लहान टॉर्क रेंच आणि एक दिवसाचा धीर आहे, त्याला हा बेस मी बिनदिक्कत सुचवीन. ज्याच्याजवळ ते नाही त्याने बेस घ्यावा आणि बसवण्याचे काम कारागिराकडे द्यावे, पण देताना ‘मागच्या पायाखालची फट मोजून सांगा’ हे आधी बजावावे, आणि रायफल परत घेताना बोल्ट स्वतः बंद करून पाहावा.